सण सरल्यानंतर

(किहीम, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड येथे दिवाळीनंतर ग्रामस्थ, बचत गटांच्या सभासद भगिनी आणि निवास-न्याहारी व्यवस्था चालविणारी कुटुंबे यांच्यापुढे एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



दिवाळी नुकतीच पार पडली आहे. ओट्यांवरचे आकाशकंदील अजून उतरलेले नाहीत आणि बहुतेक घरांतील फराळाचे डबेही रिकामे झालेले नाहीत. अशा वेळी खाण्यापिण्यातील संयमाविषयी बोलावयास उभे राहणे म्हणजे लग्नघरी जाऊन खर्चाचा हिशेब मागण्यासारखे आहे. तरीही हा विषय मी मुद्दाम याच दिवसांत घेतला आहे. सणाच्या आधी असा उपदेश केला तर तो कोणी ऐकत नाही, आणि माझ्या मते ऐकूही नये. वर्षभर कष्ट करणाऱ्या माणसाने चार दिवस गोडधोड खावे, लेकीसुनांनी एकत्र बसून करंज्या भराव्यात, मुंबईहून आलेल्या भावंडांना पोटभर जेवू घालावे, यात आक्षेपार्ह असे काही नाही. मला बोलावयाचे आहे ते सणाच्या चार दिवसांविषयी नव्हे, तर त्यानंतर येणाऱ्या चाळीस दिवसांविषयी.

प्रथम एक खुलासा केलेला बरा. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. कला शाखेचा पदवीधर असलेला एक माहिती अधिकारी आहे. जाणकारांनी अभ्यासाने जे सिद्ध केले आहे ते सोप्या भाषेत जनतेपर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम. औषधोपचाराचा सल्ला माझ्याकडून घेऊ नये.

सणासुदीत माणसाचे वजन नेमके किती वाढते? आपण सहज म्हणून जातो की, "दिवाळीत तीन-चार किलो वाढले." याविषयी अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी १९५ प्रौढ व्यक्तींची पुनःपुन्हा वजने घेऊन अभ्यास केला व तो २००० साली प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतच्या त्यांच्या सणाच्या काळात सरासरी वाढ आढळली ती केवळ ०.३७ किलोग्रॅम, म्हणजे पाव किलोहून थोडी अधिक. लोकांचा स्वतःविषयीचा अंदाज मात्र याच्या कित्येक पट होता. येथवर ऐकून कोणासही हायसे वाटेल. परंतु त्या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष पुढेच आहे. सणात वाढलेले हे थोडेसे वजन नंतरच्या महिन्यांत उतरले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा सण आला आणि मागील शिलकेवर नवी भर पडली. वर्षाला पाव किलोहून थोडे अधिक, असे वीस वर्षे चालले, तर पंचविशीतल्या तरुणाच्या अंगावर पंचेचाळिशीत सात किलो अधिक वजन असते, आणि ते कधी वाढले हे त्याला सांगता येत नाही. सावकाराच्या व्याजासारखा हा प्रकार आहे. हप्ता लहान असल्यामुळे तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

हे केवळ एका देशापुरते नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका, जर्मनी आणि जपान या तीन देशांतील लोकांच्या वजनाची वर्षभराची नोंद तपासण्यात आली. पहिल्या दोन देशांत नाताळानंतर वजन चढलेले दिसले. जपानमध्ये नववर्षाच्या आणि एप्रिल अखेरीस सुरू होणाऱ्या त्यांच्या मोठ्या सुटीनंतर. म्हणजे धर्म कोणता, पक्वान्न कोणते, याला महत्त्व नाही. जेथे सण आहे, तेथे ही चढण आहे.

येथे एक दिलासाही द्यावयास हवा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभे राहिल्यास दोन किलोची वाढ दिसू शकते, आणि ती पाहून अनेक जण धास्तावतात. ही सगळी चरबी नसते. खाल्लेल्या पिष्टमय व गोड पदार्थांचा काही भाग शरीर यकृतात व स्नायूंत साखरेच्या एका साठवणीच्या रूपाने ठेवते, आणि त्या साठवणीच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. चिवडा, चकली, शेव, लोणची यांतील मिठानेही अंगात पाणी राहते. नेहमीचे जेवण सुरू झाले की हे पाण्याचे वजन आठवडाभरात आपोआप ओसरते. या ओसरण्यावरच "आठ दिवसांत तीन किलो वजन घटवा" अशा जाहिरातींचा धंदा चालतो. घटते ते पाणी. राहते ती चरबी. आणि आपल्याला काळजी करावयाची आहे ती या मागे राहिलेल्या अर्ध्या-पाव किलोची.

आता कोणी म्हणेल, अर्ध्या-पाव किलोचा एवढा बाऊ कशासाठी? विशेषतः आपल्या लोकांच्या बाबतीत तो करावा लागतो, आणि त्याचे कारण आपल्याच राज्यातील एका संशोधकाने जगापुढे मांडले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पाहणाऱ्याला दोघेही सडपातळ वाटावेत. प्रत्यक्षात शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. हातपाय काटकुळे, अंगावर मांस बेताचे, पण पोटाच्या आत चरबी, अशी आपल्याकडील पुष्कळांची शरीररचना असते. म्हणूनच भारतीयांसाठी वजन जास्त मानण्याची निर्देशांकाची मर्यादा २३ धरली जाते, तर जागतिक मर्यादा २५ आहे. बाहेरून बारीक दिसणाऱ्या माणसाला मधुमेह कसा झाला, हा प्रश्न आपण शेजाऱ्यांच्या बाबतीत नेहमी विचारतो. त्याचे बरेचसे उत्तर या एका छायाचित्रात आहे.

या गोष्टीचे गांभीर्य आकड्यांतही दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अतिवजन वा स्थूल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले; पुरुषांत ते १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर गेले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे सांगितले. आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात यांतील कोणी ना कोणी आहे. कोणाच्या पायाची जखम भरत नाही, कोणाची दृष्टी मंदावली आहे, कोणी डायलिसिससाठी पनवेल-मुंबईच्या वाऱ्या करीत आहे. सणाच्या पाव किलोचा शेवट तेथे होऊ शकतो.

किहीमविषयी बोलताना डॉ. सलीम अली यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९३० साली ते या गावी राहिले आणि येथेच त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा तो प्रसिद्ध अभ्यास केला. सुगरण या शब्दाचे दोन्ही अर्थ या गावास लागू पडतात, हे येथील पाहुणचार घेतलेल्या कोणासही पटेल. परंतु आज मला पक्ष्यांची आठवण झाली ती वेगळ्या कारणाने. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर उत्तरेकडून दूरवरचा प्रवास करून पाणपक्षी उतरतात. निघण्यापूर्वीचे काही आठवडे हे स्थलांतर करणारे पक्षी अक्षरशः खात सुटतात. काही लहान पक्ष्यांचे वजन या काळात जवळजवळ दुप्पट होते. चरबीच्या एका ग्रॅममध्ये नऊ उष्मांक सामावतात, तर साखरेच्या वा पिठाच्या ग्रॅममध्ये चारच. म्हणून लांबच्या उड्डाणासाठी चरबी हेच सर्वांत सोयीचे इंधन. पक्षी ती भरून घेतो, हजारो किलोमीटर उडतो आणि आपल्या पुळणीवर पोहोचतो तेव्हा ती संपलेली असते. निसर्गात मेजवानी अशी कोठे तरी जाण्यासाठी असते.

आमच्या वाडवडिलांच्या दिवाळीचेही असेच होते. कोकणातील दिवाळी भातकापणीच्या हंगामात येते. फराळ खाऊन माणूस उठत असे तो विळा घेऊन शेतावर जाण्यासाठी. कापणी, भारे वाहणे, झोडणी, वारवणी, पेंढा रचणे, आणि शेत मोकळे होते न होते तोच उरलेल्या ओलीवर वालाची पेरणी आणि पांढऱ्या कांद्याची लागवड. बायकांच्या वाट्याला याखेरीज विहिरीचे पाणी, जाते आणि उखळ होतेच. कोळीवाड्यात होड्या समुद्रावर जात, जाळी ओढली जात, मासळीच्या पाट्या डोक्यावरून बाजारात पोहोचत. तुपात भिजलेला बेसनाचा लाडू ही त्या शरीरांची चैन नव्हती, गरज होती. त्या सणाला त्याचा दुसरा दिवस जोडलेला होता.

आता तो दुसरा दिवस राहिलेला नाही. किहीम, आवास, सासवणे, थळ या पट्ट्यात पुष्कळ भातशेतांचे बंगल्यांच्या आवारांत रूपांतर झाले आहे. पाणी नळाला आले, दळण गिरणीत गेले, चोंढीच्या नाक्यावर जाण्यासही दुचाकी लागते. हे सारे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. विहिरीवरून दोन हंडे आणणाऱ्या बाईच्या मानेचे आणि पाठीचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, तो नळावर टीका करणार नाही. मुद्दा एवढाच की, कष्ट गेले आणि कष्टाचे जेवण मात्र ताटात जसेच्या तसे राहिले. शिवाय जो फराळ वर्षातून एकदा होत असे, तो आता बाराही महिने पिशवीत बांधून दुकानात टांगलेला असतो. चकलीची अपूर्वाई गेली, चकली राहिली.

मघाशी मी चाळीस दिवस म्हणालो. दिवाळी संपते, पण डबा संपत नाही. चार दिवसांत आपण जे खातो त्यापेक्षा अधिक नुकसान हा उरलेला डबा करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. सणात आपण बसून, बोलत, पोट भरल्याचे भान ठेवून खातो. नंतर मात्र येता-जाता, चहाबरोबर, दूरदर्शनसंचापुढे, कोणी आले म्हणून, आणि शेवटी "वाया जाईल" म्हणून. संध्याकाळच्या चहासोबत एक करंजी, दोन चकल्या आणि एक बेसनाचा लाडू एवढेच घेतले, तरी सुमारे साडेचारशे ते पाचशे उष्मांक पोटात जातात. मध्यम वजनाच्या माणसाने तेवढे खर्च करावयाचे तर दीड-पावणेदोन तास झपाट्याने चालावे लागेल. एका बैठकीला एवढे. आणि अशा बैठका महिनाभर. येथे व्यायामाविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमजही दिसून येतो. खाऊन घ्यावे आणि चालून फेडावे, हा हिशेब बहुधा जमत नाही, कारण खाण्याला दहा मिनिटे पुरतात.

मग डब्याचे काय करावे? उत्तर अगदी घरगुती आहे. भाऊबीजेनंतर दोन-तीन दिवसांत घरातील गृहिणीने उरलेला फराळ मोजावा, घरात चार दिवस पुरेल एवढा ठेवावा आणि बाकीचा वाटून टाकावा. आपल्याकडे वाटण्याची जागा शोधावी लागत नाही. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कातकरी-ठाकर वाड्यांवर अनेक घरांतून दिवाळी फिकीच जाते. पुढच्या वर्षी पिठाची परातच लहान घेतली, तर प्रश्न मुळातूनच सुटतो. पण हे सांगण्याचे धाडस मी करीत नाही, कारण परातीचा आकार घरोघरच्या सासूबाई ठरवितात.

तळणाच्या उरलेल्या तेलाचाही येथेच उल्लेख करतो. त्याचा संबंध वजनापेक्षा हृदयाशी व यकृताशी अधिक आहे. पुनःपुन्हा तापवून काळवंडलेले, फेसाळणारे, घट्ट झालेले तेल फोडणीला वापरण्याची आपली काटकसर महागात पडते. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार, तापवून तापवून ज्यातील खराब झालेल्या घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले आहे असे तेल वापरण्यास जुलै २०१८ पासून बंदी आहे. पाहुण्यांची न्याहारी-जेवण करणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

सणानंतर अपराधी वाटू लागले की आपल्याकडे एक ठरलेला उपाय केला जातो, तो म्हणजे उपास. कार्तिकी एकादशी दिवाळीपाठोपाठ येतेच. उपासाच्या धार्मिक बाजूविषयी मला काही म्हणावयाचे नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. परंतु वजन उतरविण्यासाठी म्हणून जो उपास केला जातो, त्याचे वर्णन "एकादशी, दुप्पट खाशी" या म्हणीने कधीच करून ठेवले आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्यात शेंगदाण्याचे कूट, तूप आणि बटाटा. खिचडीची एक ताटली भाजी-भाकरीच्या साध्या जेवणापेक्षा हलकी नाही. दुसरीकडे काही तरुण मुले-मुली दोन-दोन दिवस केवळ लिंबूपाण्यावर काढतात. असे केल्याने चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि आपल्या शरीरात स्नायूंचीच आधी वानवा आहे. तिसऱ्या दिवशी भूक असा सूड घेते की डब्याचे झाकण उघडे राहते ते बंद होत नाही. मधुमेहावर औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून उपास मुळीच करू नये. रक्तातील साखर एकाएकी उतरणे हे चढण्याहूनही धोक्याचे ठरू शकते.

जे करावयाचे ते यापेक्षा पुष्कळ साधे आहे आणि आपल्या कोकणाच्या स्वयंपाकघरातच आहे. सणानंतर परत यावयाचे ते कोणत्या जेवणाकडे, असे मला कोणी विचारले तर मी परदेशी फळभाज्यांची यादी सांगणार नाही. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले, शेवग्याचा पाला, माठाची भाजी, बांगडा किंवा तारली यांचे बेताच्या तेलातील कालवण, सोबत पांढरा कांदा. वालात आणि कुळथात प्रथिने भरपूर. बांगडा, तारली ही स्वस्त मासळी प्रथिनांबरोबरच हृदयाला उपकारक अशी स्निग्धता देते. पापलेट-सुरमई रव्यात घोळून तळण्यापेक्षा या मासळीचे कालवण कितीतरी पटींनी हितकर, आणि खिशालाही परवडणारे. भाताविषयी मात्र मला थोडे कठोर बोलावे लागेल. आमच्या ताटात भाताचा डोंगर आणि कालवणाची वाटी असते. भाजी कोपऱ्यात तोंडी लावण्यापुरती. डोंगर वाटीएवढा करावा आणि भाजी-आमटीने ताटाचा निम्मा भाग व्यापावा. नारळ सोडा असे किहीममध्ये सांगणारा माणूस पुन्हा येथे बोलावला जाणार नाही. पण शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेहून अधिक उष्मांक असतात. तेव्हा ज्या दिवशी वाटपाचे कालवण, त्या दिवशी नारळाच्या रसाची सोलकढी नसावी. आमसुलाचे पाणी असावे.

साखरेविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेले प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत ठेवल्यास अधिक लाभ होतो. दोन-दोन चमचे साखरेचे तीन चहा झाले की हे सहा चमचे संपले. लाडवाला मग जागा कोठे उरते? माझ्या मते आवडीचा लाडू ठेवावा आणि चहातील साखर काढावी. चहातील साखर कोणाच्या आठवणीत राहत नाही. आईच्या हातचा लाडू राहतो.

येथवर जे बोललो ते कोणत्याही गावास लागू पडेल. किहीमची अडचण याहून वेगळी आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. इतर गावांत सण वर्षातून पाच-सहा वेळा येतो. किहीममध्ये तो दर शनिवारी येतो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह माणसे आणणारी बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाल्यापासून तर हे अधिकच जाणवते. मुंबईचा पाहुणा येथे सुटीसाठी येतो आणि सुटी म्हणजे खाणे अशी त्याची समजूत असते. तळलेली मासळी, दुपारची वामकुक्षी, रात्री उशिराचे जेवण, अनेकदा मद्य. मद्याच्या एका ग्रॅममध्येही सात उष्मांक असतात, हे त्याच्या गावी नसते. तो रविवारी संध्याकाळी परत जातो. त्याला निदान सोमवार आहे.

परंतु त्याला वाढणाऱ्या घराचे काय? ज्या भगिनी पाहुण्यांचे जेवण करतात त्यांचा शनिवार-रविवार डोळ्यांपुढे आणा. पहाटे उठावयाचे, पाहुण्यांची न्याहारी, मग त्यांचे जेवण. स्वतःचे जेवण दुपारी तीन-साडेतीनला, तेही उरलेल्या तळणीचे, कारण टाकवत नाही. रात्री अकरा वाजता पुन्हा तेच. झोप पाच तास. सोमवारी अंग मोडून येते, म्हणून विश्रांती. या व्यवसायाने अनेक घरांत पैसा आला, मुलींची शिक्षणे झाली, घरे उभी राहिली. शासनही त्यास उत्तेजन देते आणि ते योग्यच आहे. पण पाहुण्याची सुटी यजमाणीच्या अंगावर साठत जावी, हे योग्य नाही. एक साधी गोष्ट करून पाहावी. पाहुण्यांचे ताट वाढण्यापूर्वी घरातील माणसांचे भाजी-भाकरी-कालवण वेगळे काढून ठेवावे आणि करणारीने साडेबाराच्या आत जेवून घ्यावे. उपाशीपोटी वाढणारी सुगरण हा आपल्याकडे फार मोठा गुण मानला गेला आहे. तो गुण नाही.

पाहुण्यांच्या ताटातही थोडा बदल करता येईल, आणि पाहुणा तक्रार करील असे मला वाटत नाही. त्याच्या शहरात त्याला तळलेले सर्वत्र मिळते. वालाचे बिरडे आणि पोपटी मिळत नाही. आता थंडी सुरू होईल, वालाच्या शेंगा भरतील आणि शेताच्या बांधांवर पोपट्या लागतील. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी भरून, वरून जाळ करून शिजविलेला हा प्रकार तेलाच्या थेंबावाचून होतो. आमच्या जिल्ह्याचे हे भूषण पाहुण्यापुढे अभिमानाने ठेवावे. सकाळी त्याला पुळणीवरून सुरूच्या बनाच्या कडेने फिरवून आणावे, जमल्यास कनकेश्वरच्या पायऱ्या चढवाव्यात, आणि स्वतःही त्याच्याबरोबर चढावे. समुद्रकाठी राहून समुद्रकाठी न फिरणारी माणसे मी याच तालुक्यात सर्वांत अधिक पाहिली आहेत. प्रौढांनी आठवड्यात निदान दीडशे मिनिटे दम लागेल असे हालचालीचे काम करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला वीस-बावीस मिनिटे म्हणजे पुळणीवरून जाऊन परत येणे.

आता मोजमापाविषयी. इंग्लंडमध्ये २७२ लोकांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना नाताळाच्या काळात आठवड्यातून निदान दोनदा, शक्यतो रोज, वजन करून नोंदविण्यास सांगितले, आणि खाण्यापिण्याविषयी काही सोप्या सूचना दिल्या. बाकीच्यांना आरोग्याविषयी केवळ एक पत्रक दिले. सणाच्या शेवटी पत्रकवाल्यांचे वजन सरासरी ०.३७ किलोने वाढले होते. नोंद करणाऱ्यांचे वाढले तर नाहीच, किंचित घटले. दोघांत अर्ध्या किलोचा फरक पडला. माहितीपत्रके छापणे हाच ज्याचा व्यवसाय आहे अशा माणसाने हा निष्कर्ष आपणांस सांगावा, यातली गंमत माझ्या लक्षात आली आहे.

घरात काटा नसेल तर शिंप्याचा टेप पुरतो. किंबहुना आपल्या शरीररचनेसाठी टेपच अधिक खरे बोलतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्यावे. स्त्रियांच्या बाबतीत ८० सेंटिमीटर आणि पुरुषांच्या बाबतीत ९० सेंटिमीटर ही सावधगिरीची रेषा आहे. सणाआधीचे माप आणि तुळशीच्या लग्नानंतरचे माप घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. दुधाचा हिशेब आपण त्याच दिनदर्शिकेवर लिहितोच.

एक इशारा मात्र मला दिलाच पाहिजे. ज्या सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रिया अतिवजन आढळल्या, त्याच सर्वेक्षणात १८.७ टक्के स्त्रियांचे वजन जेवढे हवे त्याहून कमी आढळले, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. एकाच गावात, कधी कधी एकाच घरात, सासू स्थूल आणि सून अशक्त असते. तेव्हा वजन कमी करण्याचा सल्ला सरसकट कोणालाही देऊ नये. गरोदर व स्तनदा मातांनी, वाढत्या वयाच्या मुलींनी खाणे कमी करावयाचे नाही. उलट घरातील डाळ, अंडे, मासळी यांचा पहिला वाटा त्यांचा असावा. मुलांना "जाड्या" म्हणून हिणविण्याची सवय घरातील वडीलधाऱ्यांनी सोडावी. तिने मुलगा बारीक होत नाही, चोरून खाऊ लागतो. त्याला मैदानावर पाठवावे आणि चिप्सच्या पिशव्या घरात आणू नयेत. त्या आणणारे बहुधा तेच वडीलधारे असतात.

शेवटी शासनाच्या व्यवस्थेची माहिती देतो. तीस वर्षे व त्यावरील प्रत्येक व्यक्तीची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या, तसेच स्त्रियांच्या बाबतीत स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या, कर्करोगासाठी प्राथमिक तपासणी करण्याची सोय उपकेंद्रांच्या पातळीवर, म्हणजे ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तेथे, करण्यात आली आहे. त्याआधी आशाताई घरी येऊन एक प्रश्नावली भरून घेतात. तिच्यात वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि घरातील आजारांचा इतिहास यांची नोंद होते व गुण मांडले जातात. चारहून अधिक गुण झाल्यास तपासणीस आधी बोलावले जाते. पुष्कळ पुरुष या वेळी घराबाहेर असतात किंवा असल्याचे सांगतात. त्यांची माहिती बायकोने अंदाजाने देऊ नये. कमरेचे माप चोळी-सदऱ्याच्या वरून, हसत-खेळत दिलेले चालत नाही. ते नीट घेऊ द्यावे.

साखर तपासावयास जाताना उपाशीपोटीची तपासणी असेल तर आदल्या रात्रीच्या जेवणानंतर निदान आठ तास काही खाऊ नये. पाणी चालते, चहा चालत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. आणि दिवाळीचा फराळ झाला आहे म्हणून साखर जास्तच निघेल, तेव्हा आता नको, पुढच्या महिन्यात पाहू, असा विचार कोणी करू नये. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची एक वेगळी तपासणी असते. डॉक्टरांना गरज वाटल्यास ते ती लिहून देतात, आणि तिच्यात दिवाळीचे चार दिवस फारसे दिसत नाहीत.